गोधडीचा चौथा कोपरा

१

फोटोत गोधडी होती, गोधडीला भोक होतं आणि भोकातून गिऱ्हाइकाची दोन बोटं बाहेर डोकावत होती. खाली लिहिलं होतं, ‘हीच का तुमची मायेची ऊब?’ आणि पाचपैकी एक तारा दिला होता.

प्रभावतीबाईंनी तो फोटो मला दाखवला आणि मोबाइल पालथा करून सतरंजीवर ठेवला. सावळापूरच्या समाजमंदिरात आम्ही दोघीच बसलो होतो. सावळापूर हे दारव्हा तालुक्यातलं गाव. बाई गावातल्या बऱ्यापैकी शेतीवाल्या, कापूस आणि तुरीच्या धनी, आणि ‘ऊब’ या ऑनलाइन दुकानाच्या अध्यक्ष. 

मी दिपाली. यवतमाळला राहते. एका संस्थेच्या वतीनं जिल्हाभर फिरून बायकांच्या गटांना ऑनलाइन दुकान कसं चालवायचं ते शिकवते. माझ्या वर्गात रडलेलं चालत नाही, नशिबाला बोल लावलेला चालत नाही, आणि ‘आमच्याकडं असंच करतात’ हे तर मुळीच चालत नाही. यामुळे मी फारशी कुणाला आवडत नाही. पण शिकवलेलं बायकांच्या लक्षात राहतं.

‘ऊब’ माझ्याच वर्गातून उभं राहिलं. गेल्या हंगामात बोंडअळीनं कपाशी खाल्ली. उरलेला डागी कापूस, ज्याला कवडी म्हणतात, दारव्ह्याच्या बाजारात कुणी हातात धरेना. निंदण-वेचणीची मजुरी बुडाली. तेव्हा प्रभावतीबाईंनी तो कापूस बायकांकडून निवडून घेतला, पिंजाऱ्याकडून पिंजून आणला आणि जुन्या लुगड्यांच्या थरांत पातळ पसरून गोधड्या शिवून घेतल्या. मी पाडव्याला दुकान इंटरनेटवर चढवलं. शहरातल्या लोकांना हाताच्या टाक्याचं भारी अप्रूप. आषाढापर्यंत पुणे, मुंबई, बंगळुरूहून मागणी यायला लागली. त्या वर्षी गावातल्या बऱ्याच घरांत रोखीचा पैसा आला तो एवढाच.

आणि आता ही भोकं. एकामागून एक तक्रारी आल्या होत्या, सगळ्या लांबच्या गावांहून. ज्या मोठ्या बाजार-संकेतस्थळावर दुकान होतं त्यांनी ताकीद दिली होती की आणखी एक तक्रार आली तर दुकान खाली उतरवू.

“गावात म्हणताहेत, कापसातून बोंडअळी निघाली,” मी म्हटलं.

“अळी सरकी खाते, लुगडं खात नाई. अन् सरकी काढून पिंजलेला कापूस हाय. मले शिकवता का?” बाई फणकारल्या. “कैचीनं कापलं हाय थे. कोनं कापलं, थे बी मालूम हाय. ममतानं. पार्सल थेच बांधे. साऱ्या बायकांसमोर इचारलं अन् काढून टाकली तिले.”

“कबूल केलं तिनं?”

“कोनता चोर कबूल करते?”

“मग मला कशाला बोलावलंत?”

बाईंनी दाराकडे पाहिलं. “म्या नाई बोलावलं तुमाले. तिनं बोलावलं.”

२

ममता समाजमंदिराच्या मागच्या ओट्यावर बसली होती. तिशीची, सडपातळ, बोलण्यात नेमकी. गटात पार्सल बांधण्याचं काम तिच्याकडे होतं, कारण तिच्या हातची घडी सुटत नसे. मला पाहून ती उठली, “जय भीम मॅडम” म्हणाली आणि पुन्हा बसली. डोळे कोरडे होते.

“कैची घेतली माह्याजोळची,” ती म्हणाली. “सभेत म्हणे, दाखव हात. म्या दाखवले. हातात काय दिसणार हाय? पन साऱ्या बायका पाहून राह्यल्या होत्या.”

“तू कापलंस?”

“नाई.”

“मग तुझ्यावरच आळ का?”

तिनं सरळ सांगितलं. भोक पडलेल्या सगळ्या गोधड्या सत्यभामाबाईंच्या हातच्या होत्या. गटात शिवणाऱ्या तिघी: सत्यभामाबाई, तांड्यावरच्या हंसाबाई आणि स्वतः प्रभावतीबाई. प्रत्येकीचा टाका वेगळा, फोटोतही ओळखू येतो. नागपंचमीच्या सुमारास ममतानं सत्यभामाबाईंची एक गोधडी परत केली होती.

“का परत केली?”

“चौथा कोपरा. तीन कोपरे देखणे, बारीक टाक्याचे. चौथा मातर उसवून परत शिवल्यावानी, घाईघाईनं. तुमीच शिकवलं ना, कसर दिसली तं माल बाहेर जाऊ द्याचा नाई. म्या म्हटलं, माय, हा कोपरा पुन्हा शिव. थ्या लय चिडल्या. म्हणे, काल आलेली पोरगी मले टाका शिकवते. दोन दिवस बोलल्या नाईत. आता साऱ्यायले वाटते का म्या थो राग काढला.”

माझ्या मनात ते नोंदलं गेलं, पण त्या वेळी मी त्याचा अर्थ चुकीचा लावला. मला वाटलं, म्हातारीचे डोळे अधू झाले असतील.

“तुला काम परत हवंय?”

“काम हाय मले. माहा दीर राजूरला हाय, खाणीच्या बाजूला. तिथं आमच्या दोघायची सोय करून राह्यला थो. माहा नवरा म्हणते, चाल. मी म्हणतो, थांबा.” तिनं ओट्यावरचा खडा उचलून बाजूला टाकला. “म्या कापलं नाई, हे तेवढ्याच बायकांसमोर बोललं गेलं पाह्यजे, ज्यायच्यासमोर म्या कापलं असं बोललं गेलं. बाकी काई नाई मागत.”

मी तिला सांगितलं की माझा विश्वास बसायला पुरावा लागतो. ती म्हणाली, म्हणूनच तुम्हाला बोलावलं. तिच्या या उत्तराचा मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

३

दुकानाचा सगळा कारभार प्रभावतीबाईंच्या पुतण्याच्या मोबाइलवर होता. त्याचं नाव अंकुर. यवतमाळला संगणकाचं शिक्षण घेतलेला, केसांना भरपूर तेल आणि बोलण्यात भरपूर इंग्रजी. दुकानाचा पासवर्ड त्याला एकट्याला ठाऊक होता. मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगते की दुकानाची किल्ली एकाच खिशात ठेवू नका. सावळापूरनं ते वहीत लिहून घेतलं होतं आणि अंकुरच्या खिशात ठेवलं होतं.

“सगळ्या तक्रारी दाखव. पहिल्यापासून.”

त्यानं पाच दाखवल्या. सगळ्यात जुनी श्रावणातली, म्हणजे ममता-सत्यभामाबाईंच्या भांडणानंतरची.

“आणि त्याआधीच्या?”

“आधी नव्हत्या.”

“अंकुर, मी हे दुकान स्वतः उघडलंय. परतावा कुठं दिसतो ते मला माहीत आहे. आषाढात एका गिऱ्हाइकाला तू पूर्ण पैसे परत दिलेस. कशाबद्दल?”

त्याची मान खाली गेली. नाशिकच्या एका गिऱ्हाइकानं भोक पडल्याचा फोटो पाठवला होता. यानं घाबरून पैसे परत केले, तक्रार काढून घ्यायची विनंती केली आणि फोटो पुसून टाकला. आत्या ओरडेल म्हणून घरात कुणाला सांगितलं नाही.

मला त्या पोराला दोन लगावाव्याशा वाटल्या. तक्रार ही दुकानदाराला फुकट मिळालेली खबर असते आणि यानं ती पहिल्याच दिवशी पुरून टाकली होती. पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. पहिलं भोक भांडणाच्या आधीचं होतं. ममतानं राग काढला म्हणावं तर तेव्हा राग नव्हताच.

“किंवा तिचा राग जुनाच असंल,” अंकुर म्हणाला. त्याची आत्या हेच म्हणणार हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मी पुढं गेले.

“या पाच जणांपैकी कुणाशी फोनवर बोललास?”

“नाही मॅडम. चिडलेल्या कस्टमरला फोन करत नसतात.”

“चिडलेल्यालाच करतात. खूश असलेला कशाला बोलेल तुझ्याशी?”

मी त्याच्यासमोर पुण्याच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. त्या एक शिक्षिका होत्या. पहिली पाच मिनिटं त्यांनी मला फैलावर घेतलं आणि मी फक्त ‘बरोबर आहे तुमचं’ एवढंच म्हणत राहिले. राग ओसरल्यावर मी विचारलं, गोधडी ज्या पिशवीत आली ती फेकली का? नाही, त्या म्हणाल्या, जाड प्लॅस्टिकची होती म्हणून कोरडा कचरा भरायला ठेवलीय. मी तिचा फोटो मागितला.

फोटो आला आणि अंकुर तो मोठा करून पाहू लागला. शिवून बंद केलेल्या पिशवीलाही भोक होतं. त्याच्या कडा आतल्या बाजूला वळलेल्या होत्या.

“म्हणजे बाहेरून पडलंय,” अंकुर पुटपुटला. “पार्सल बांधून झाल्यावर.”

४

पिशवी शाबूत असून गोधडी फाटली असती तर बोट ममताकडे गेलं असतं. पिशवी बाहेरून फुटली होती, म्हणजे पार्सल ममताच्या हातातून सुटल्यानंतर काहीतरी घडलं होतं. मी हे प्रभावतीबाईंना सांगितलं. त्यांनी क्षणभर विचार केला, आणि ममता निर्दोष आहे असं म्हणण्याऐवजी दुसरा चोर शोधला.

“धावजी!” त्या म्हणाल्या. “त्याच्या जीपमधी आकडा हाय लोखंडाचा. सामान वढते तेनं.”

धावजी तांड्यावरचा. काळीपिवळी जीप चालवायचा आणि गावातली पार्सलं दारव्ह्याच्या कुरिअरच्या दुकानात पोचवायचा. मी त्याला जीपथांब्यावर गाठलं. त्यानं आकडा काढून माझ्या हातात दिला.

“पाहून घ्या. बोथट हाय. टपावरची दोरी वढतो तेनं. पिशवी फाडून मले काय भेटते?”

“सत्यभामाबाईंवर तुमचा राग आहे का काही?”

“माह्या पोराच्या लग्नातली गोधडी त्यायनंच शिवून देल्ली. राग कायचा?” तो हसला. “अन् मले कसं समजन मॅडम, कोनती पिशवी कोनाची? साऱ्या एकसारख्या. वरतं पुण्याचा पत्ता, नाईतं मुंबईचा. सत्यभामाबाईचं नाव कुठं लिवलेलं रायते?”

तो बरोबर बोलत होता, आणि तिथंच माझं घोडं अडलं. पिशव्या सारख्या, आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. तरी जो कोणी भोक पाडत होता तो हंसाबाईंच्या गोधड्या सोडत होता, प्रभावतीबाईंच्या सोडत होता आणि नेमक्या सत्यभामाबाईंच्याच निवडत होता. बरं, तिथंही कुठंही भोसकत नव्हता. सगळ्या फोटोंत भोक एकाच ठिकाणी, कोपऱ्याजवळ. घडी घातल्यावर तो कोपरा पिशवीत कुठं येईल याचा नेम नसतो. बंद पिशवीतला कोपरा ओळखणारा हा कोण महाभाग?

“पार्सल नेताना काही वेगळं दिसलं का कधी?” मी विचारलं.

धावजीनं मान खाजवली. “वेगळं काय… हाटाच्या दिवशी मांगं बकऱ्या रायते. एखाद्या पिशवीले लय तोंड लावते. हाकलली तरी तिथंच. बाजूच्या पिशवीले हुंगत बी नाई. म्हणून आता मी पार्सलं समोर ठेवतो.”

मी ते ऐकलं, मान हलवली आणि जीपमध्ये बसले. मला पकडायचा होता माणूस. बकरीच्या साक्षीकडे मी काणाडोळा केला.

५

सत्यभामाबाई साठीच्या. घरात एकट्या. मी गेले तेव्हा त्या अंगणात गोधडी पसरून टाके घालत होत्या. भोकाचा विषय काढला तशा त्यांच्या डोळ्यांना धार लागली.

“माह्या गोधडीले कोन कापते बाई? म्या कोनाचं काय वाईट केलं? एक एक टाका मोजून घालतो मी.”

“ममतानं कापलं असं वाटतं तुम्हाला?”

त्यांनी सुई कापडात खोचली. मग म्हणाल्या, “भांडली होती. पन पोरगी वाईट नाई. प्रभावती म्हणते तं म्हणते. मी काय बोलू?”

मी त्यांच्याकडून एक तयार गोधडी विकत घेतली. त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्या हातात ठेवली, वरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “सुखानं पांघरजो माय.” यवतमाळला आल्यावर मी तिचा चौथा कोपरा उसवला. आत कापूस होता आणि कापसाशिवाय काहीच नव्हतं. शिवणही घाईची नव्हती, बाकी तीन कोपऱ्यांसारखीच देखणी होती. म्हणजे म्हातारीचे डोळे अधू नव्हते.

मग मी वर्गात सांगते ते स्वतः केलं. आपल्याच दुकानाचं गिऱ्हाईक व्हायचं. माल आपल्या हातातून कसा जातो ते कळतं, पण दुसऱ्याच्या हातात कसा पडतो ते मागवल्याशिवाय कळत नाही. बहिणीच्या नावानं, माझ्याच पत्त्यावर, मी सत्यभामाबाईंची एक गोधडी ‘ऊब’वरून मागवली.

पार्सल लवकर आलं. जवळच्या गावाला वेळ लागत नाही. पिशवीला कुठंही ओरखडा नव्हता. ती फोडून पाहणार तेवढ्यात संस्थेतून फोन आला, झरी जामणीच्या वर्गाला तातडीनं जायचं होतं. पार्सल मी स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवलं, घराला कुलूप घातलं आणि निघाले. किल्ली माझ्या पर्समध्ये, दुसरी किल्ली कुणाकडेही नाही.

झरीकडच्या गावांत आठवडा गेला. मोह आणि चारोळी ऑनलाइन कशी विकायची ते मी तिथं शिकवलं. माझं लक्ष अर्धंच होतं.

परत आले. कुलूप जसंच्या तसं. खिडक्या आतून बंद. फळीवर पार्सल होतं तिथंच होतं.

पिशवीला भोक पडलं होतं. पिशवीच्या आत, गोधडीलाही.

६

बंद घरात ममता आली नव्हती. धावजीचा आकडा आला नव्हता. अंकुर, प्रभावतीबाई, कुरिअरवाले, कुणीच आलं नव्हतं. मी खुर्ची ओढून फळीसमोर बसले आणि पहिल्यांदाच माणसांना सोडून विचार केला.

फळीच्या मागच्या कोपऱ्यात काळ्या लेंड्या होत्या. माझ्या घरात उंदीर आहेत हे मला ठाऊक होतं. कुणाच्या घरात नसतात? फळीवर गव्हाच्या पिठाची पिशवी होती, तिला उंदरानं तोंड लावलं नव्हतं. ते सोडून तो गोधडीकडे का गेला?

मी पिशवी फोडली. गोधडीचा कुरतडलेला कोपरा ताटात धरून झटकला. कापसाबरोबर पिवळे तांदूळ पडले, हळद लावलेले. त्यांच्यामागून सुक्या खोबऱ्याचा तुकडा पडला. त्यावर उंदराच्या दातांच्या बारीक रेघा होत्या.

आता सगळं जागेवर बसलं. खोबऱ्याचा वास उंदराला बंद पिशवीतून येतो. त्याला सत्यभामाबाईंचं नाव वाचायची गरज नाही, कोपरा कुठं आहे हे विचारायची गरज नाही. बकरीलाही नव्हती. लांबच्या गावांची पार्सलं पावसाळ्यात गोदामांत पडून राहतात, तिथं उंदरांना सवड मिळते. जवळची पार्सलं त्यांच्या हाती लागण्याआधी पोचतात. आणि ममतानं जो कोपरा परत केला होता तो खरोखरच उसवून पुन्हा शिवलेला होता. त्या एका पोरीनं सगळ्यात आधी नेमकी खूण ओळखली होती, आणि त्याच खुणेवरून तिच्यावर आळ आला होता.

एकच गोष्ट उरली. मी हातोहात घेतलेल्या गोधडीत तांदूळ नव्हते. ऑनलाइन मागवलेल्या गोधडीत होते.

दुसऱ्या दिवशी मी ते ताट सत्यभामाबाईंसमोर ठेवलं. त्यांनी खोबरं पाहिलं आणि लाजल्या. अपराधी अजिबात दिसल्या नाहीत.

“सापडलं का तुमाले?” त्या म्हणाल्या. “कोनाले सांगू नका, हासतीन.”

“हे काय आहे माय?”

“ओटी हाय. दुसरं काय?”

मी ताटातला खोबऱ्याचा तुकडा उचलला. त्याच पुढं बोलू लागल्या.

“हाटात गिऱ्हाईक समोर रायते. त्याच्या तोंडाकडं पाहतो, कसा मानूस हाय समजते, हातात देतो, दोन शब्द बोलतो. हे आनलाइनचं कोनाच्या घरी जाते, काय मालूम? कसे लोक हायेत? नीट ठेवतीन का नाई? पोरगी अनोळखी घरी धाडाची, अन् थे बी रिकामी? माह्या जिवाले लागे बाई. म्हणून मंग ओटी भरून धाडतो. एवढंसंच. पसाभर बी नाई.”

“मग ती वर का नाही ठेवली? घडीवर? गोधडीच्या आत कशाला शिवली?”

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की विचारायला नको होतं असं वाटलं.

“तुमीच तं म्हणलं होतं वर्गात. पार्सलमधी मालाशिवाय काई ठेवाचं नाई. पयल्या दोन खेपा वरच ठेवली होती, ममतानं काढून हातात देल्ली. म्हणे, मॅडमनं मनाई केली हाय. मंग म्या आत शिवली; ममतानं कोपरा परत केला तवापासून टाका बी बारीक घालतो. माल म्हणूनच जाईल असं.”

मी हे मुद्दाम लिहिते आहे. माझ्या वर्गातला तो नियम चांगला आहे, मी तो अजूनही सांगते. पण नियम देताना मी कुणाला विचारलं नव्हतं की तुम्ही पार्सलमध्ये काय ठेवता आणि का ठेवता. ऑनलाइन धंद्यात गिऱ्हाईक दिसत नाही, हे मी सतत घोकत असते. या म्हातारीला ते माझ्याहून जास्त जाणवत होतं, आणि तिनं तिच्या परीनं त्याचा उपाय काढला होता.

“त्यानं भोकं पडली माय,” मी म्हटलं. “उंदरांनी पाडली. खोबऱ्यापायी.”

त्यांना समजायला वेळ लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. गोधडीचं दुःख नव्हतं ते. “अन् ममताले काढलं,” त्या हळूच म्हणाल्या.

७

प्रभावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि धंदेवाईक तोड काढली. गिऱ्हाइकांना कळवायचं की कुरिअरच्या गोदामात नुकसान झालं. सत्यभामाबाईंना समज द्यायची. ममताला उद्यापासून कामावर या असा निरोप पाठवायचा. सभाबिभा कशाला?

“कुरिअरवर ढकललंत तर गिऱ्हाईक पुढच्या वेळी कुरिअरवरच विश्वास ठेवणार नाही, मग तुमच्याकडून काय मागवेल?” मी म्हटलं. “खरं लिहा. जे झालं ते. आणि नवी गोधडी पाठवा.”

अंकुरनं मोबाइलवर मजकूर लिहिला, मी तीनदा खोडायला लावला. शेवटी त्यात एकही इंग्रजी शब्द उरला नाही. आमच्या एका आजीनं तुमच्या गोधडीची ओटी भरली होती, उंदरांनी ती खाल्ली, चूक आमची, नवी पाठवतो. पुण्याच्या शिक्षिकाबाईंचं उत्तर तासाभरात आलं. नवी नको, त्या म्हणाल्या, हीच पाठवते, ठिगळ लावून द्या. तक्रार त्यांनी स्वतःहून मागे घेतली. दुकान तेवढ्यावर वाचलं.

“पण सभा घ्यावी लागेल,” मी प्रभावतीबाईंना म्हटलं. “नाही घेतलीत तर त्या संकेतस्थळाला मीच कळवते की इथं मालाची तपासणी करणारं कुणी नाही.”

ही धमकी होती आणि मी ती मजेत दिली.

समाजमंदिरात आळ घेतला त्या दिवशीच्याच सगळ्या बायका जमल्या. ममता दाराशी उभी होती, आत बसली नाही. तिचा नवरा बाहेर धावजीच्या जीपजवळ थांबला होता. जीपच्या टपावर एक ट्रंक आणि दोन बोचकी बांधलेली होती.

प्रभावतीबाई उभ्या राहिल्या. “थे… गोधडीचं जे झालं, थे उंदरानं झालं. ममताची चूक नोयती,” त्या पुढच्या रांगेपुरत्या आवाजात म्हणाल्या.

“मांगं आयकू येत नाई,” ममता म्हणाली.

बाईंच्या जबड्याची शीर उडाली. आयुष्यात त्यांना कुणी असं सांगितलं नसावं. त्या पुन्हा बोलल्या, मोठ्यानं. “ममतानं गोधड्या कापल्या नाईत. म्या आळ घेतला. माहं चुकलं.”

सत्यभामाबाई बसल्या जागेवरून उठल्या. “थे खोबरं माहं होतं,” त्या म्हणाल्या आणि ममताकडे पाहत उभ्याच राहिल्या.

कैची प्रभावतीबाईंनी आणलीच होती. त्यांनी ती ममतापुढं धरली. “उद्यापासून ये. पार्सल पडून हायेत. मजुरी वाढवून देतो तुले.”

ममतानं कैची घेतली नाही. तिनं एकदा सगळ्या बायकांवरून नजर फिरवली, डाव्या बाजूच्या पहिलीपासून उजव्या बाजूच्या शेवटचीपर्यंत, घाई न करता.

“नाई येत बाई. राजूरले चाललो आमी.”

“आता काहून?” प्रभावतीबाईंना खरंच कळलं नाही. “आता तं सारं साफ झालं ना!”

“साफ झालं म्हणूनच जाता येते,” ममता म्हणाली. “काल गेली असती तं तुमी म्हणल्या असत्या, तोंड लपवून पयाली. आज म्हणसान, गेली.”

ती ओट्यावरून उतरली आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. धावजीनं गाडी चालू केली.